साडेसात रुपयांचा डॉलर

आमच्या अण्णांना अर्थशास्त्रात फारशी गती नव्हती. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान गावच्या कॉलेजात ते ग्रंथपाल होते. घरातला वाण्याचा हिशेबसुद्धा आईच ठेवायची. पण डॉलरचा भाव मात्र अण्णांना तोंडपाठ असे. चार रुपये शहात्तर पैसे. गावात डॉलर कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी आमच्या घरात त्याचे नाव रॉकेलच्या जोडीने निघायचे.

६ जून १९६६ रोजी हा भाव एका रात्रीत साडेसात रुपये झाला. पौंड तेरा रुपये तेहेतीस पैशांवरून एकवीसवर गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रेडिओवरची बातमी ऐकून अण्णा उठले, पाटीवरची पेन्सिल घेऊन माझ्याच पाटीवर हिशेब मांडू लागले. वीस डॉलर वर्गणीचे मासिक कालपर्यंत पंचाण्णव रुपये वीस पैशांना पडत होते, ते आता दीडशेला पडणार. कॉलेजची ग्रंथालयासाठीची तरतूद मात्र होती तेवढीच. पाटी पुसून त्यांनी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत यादी करावी लागणार."

परदेशी नियतकालिकांची पुढल्या वर्षाची वर्गणी आदल्या वर्षीच भरायची असते. त्यामुळे ही यादी म्हणजे १९६७ साली कोणी काय वाचायचे नाही, याची यादी होती.

परकीय चलनाची ही चणचण नवी नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडकडे आपली मोठी पौंडांची शिल्लक होती. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि १९५७ च्या सुमारास ती गंगाजळी आटली. तेव्हापासून देशाबाहेर जाणारा प्रत्येक पैसा मोजला जाऊ लागला. साठ-सत्तरच्या दशकांत अवघे आठ डॉलर खिशात घेऊन विमानात बसलेले मराठी इंजिनिअर आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि ती गोष्ट ते अजूनही सांगतात. माणसाला आठ डॉलर, तर पुस्तकाला किती?

तरीही पुस्तके येत होती. ती कोणकोणत्या वाटांनी येत, हे मला पुढे स्वतः ग्रंथपाल झाल्यावर कळले.

एक वाट युनेस्कोच्या कुपनांची. दुसरे महायुद्ध संपल्यावर बऱ्याच देशांकडे डॉलर नव्हते, म्हणून युनेस्कोने १९४८ साली ही सोय काढली. आपण इथे रुपये भरायचे, त्या बदल्यात डॉलरची किंमत छापलेली कुपने घ्यायची आणि ती परदेशी प्रकाशकाला पाठवायची. प्रकाशक ती वटवून आपल्या चलनात पैसे घेई. अण्णा ही कुपने रजिस्टर पोस्टाने पाठवत आणि पोहोच येईपर्यंत त्यांना झोप लागत नसे.

दुसरी वाट दिल्लीच्या 'इन्सडॉक'ची. १९५२ साली निघालेली ही संस्था परदेशी नियतकालिकातल्या हव्या त्या लेखाची प्रत काढून देई. अख्ख्या मासिकाला डॉलर मोजण्यापेक्षा एका लेखाचे रुपये भरणे परवडे. फक्त थांबण्याची तयारी हवी.

तिसरी वाट आपल्या ताटातून जात होती. माझ्या वयाच्या वाचकांना रेशनवरचा मिलो आणि तांबडा गहू आठवत असेल. अमेरिकेच्या 'पीएल ४८०' कायद्याखाली आलेल्या त्या धान्याचे पैसे आपण डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत भरत होतो आणि ते इथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत होते. त्यातल्या काही रुपयांतून अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या भारतात छापल्या गेल्या. गंमत अशी, की १९६२ पासून त्याच रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यांत मराठी पुस्तकेही होती. मिलोच्या भाकरीला नाके मुरडणाऱ्या आम्हा मुलांना काय ठाऊक, की त्याच हिशेबात आपल्या लेखकांच्या कथा-कादंबऱ्या सातासमुद्रापार चालल्या आहेत!

ब्रिटिश सरकारनेही आपल्या पदराला खार लावून 'ईएलबीएस'च्या स्वल्पमूल्य आवृत्त्या काढल्या. 'बेली अँड लव्ह'चे शस्त्रक्रियेवरचे जाडजूड पुस्तक डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी याच रूपात वाचले. रशियाशी आपला व्यापार रुपयांत चाले. त्यामुळे मीर प्रकाशनाची गणिताची, भौतिकशास्त्राची पक्क्या बांधणीची पुस्तके इथे अगदी थोड्या पैशांत मिळत. इरोडॉव्हची गणिते सोडवून आयआयटीत गेलेल्या मुलांना रुपया-रुबल कराराचे नाव माहीत नसेल, पण ते त्याचे देणेकरी आहेत.

एवढ्या वाटा असूनही १९६६ च्या त्या यादीत अण्णांना लाल पेन्सिल चालवावीच लागली. पाठ्यपुस्तक स्वस्तात छापता येते. ताजे संशोधन येते ते नियतकालिकातून, आणि त्याला स्वस्त आवृत्ती नसते. कॉलेजात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक पीएच.डी.चे काम करत होते. त्यांना लागणारे इंग्रजी नियतकालिक यादीत सर्वांत महाग होते. ते बंद केले तर विद्यार्थ्यांच्या उपयोगाची तीन वाचत होती. अण्णांनी ते बंद केले.

प्राध्यापक त्या संध्याकाळी घरी आले. आईने चहा दिला. बराच वेळ कुणी बोलेना. मग ते एवढेच म्हणाले, "ग्रंथपालसाहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं." त्यांनी भांडण केले असते तर बरे झाले असते, असे अण्णा पुढे कितीदा तरी म्हणत. त्यानंतर दर महिन्याला एका शनिवारी ते सर रात्रीच्या गाडीने पुण्याला जात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात बसून हवे ते लेख वहीत उतरवून घेत आणि सोमवारी सकाळी वर्गावर हजर होत. आकृत्यासुद्धा हाताने काढलेल्या असत.

हा प्रसंग माझ्याही वाट्याला येईल, असे वाटले नव्हते. १९९१ साली मी मुंबईतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जूनमध्ये देशाजवळ जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण गेले. सोन्याची चर्चा घराघरात झाली. एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या जवळ गेला आणि दोन वर्षांत एकतीसवर पोहोचला, त्याचा घाव ग्रंथालयांवर किती बसला याची चर्चा कुठे झाली नाही. डिसेंबरात सोव्हिएत संघ कोसळला आणि मीरची पुस्तकेही पुढे दिसेनाशी झाली.

मी चौदा परदेशी नियतकालिकांतली आठ कमी केली. त्यांत गणिताचे एक होते. देवघेवीच्या नोंदीत तीन वर्षांत त्यापुढे एकाच मुलीचे नाव होते. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून आलेली, एम.एस्सी.ची मुलगी. तिने येऊन विचारले, "मॅडम, एकच जण वाचत असलं, तरी वाचतंय ना कुणीतरी?" मी तिला तरतुदीचे आकडे दाखवले. तिने ते नीट पाहिले, "बरोबर आहे" म्हणाली आणि गेली. पुढे ती ज्युनिअर कॉलेजात शिकवू लागली. संशोधन तिने केले नाही. त्याचा दोष एका नियतकालिकावर टाकणे बरोबर नाही, हे मला कळते. पण त्या रकान्यात तिच्यानंतर दुसरे नाव येऊ शकले नाही, ते माझ्या सहीने.

आज देशाची परकीय चलनाची गंगाजळी सहाशे अब्ज डॉलरच्या वर आहे. डॉलर मिळत नाही, असे कुणी म्हणत नाही. पण नियतकालिकांच्या वर्गण्या एवढ्या वाढल्या, की मोठमोठ्या विद्यापीठांनाही घाम फुटला. म्हणून केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. बातमी वाचून अण्णांची पाटी आठवली. या योजनेचे मोल आम्हा ग्रंथपालांइतके कुणाला कळणार? तरी पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरता आहे. अण्णांच्या कॉलेजासारखी खाजगी संस्थांची कॉलेजे गावोगाव आहेत. तिथल्या एकुलत्या एका वाचकाचे काय, हा प्रश्न मला पडतोच.

ते रसायनशास्त्राचे सर पीएच.डी. झाले. निवृत्त होताना त्यांनी हाताने उतरवलेल्या त्या अकरा वह्या ग्रंथालयाला दिल्या. अण्णांनी त्या बांधून घेतल्या, प्रत्येकीला रीतसर दाखल क्रमांक दिला आणि फडताळात १९६६ च्या खंडाशेजारी, जिथे जागा रिकामी पडली होती तिथे, लावून ठेवल्या.