मोटारसायकल शर्यतींच्या मध्यम गटाचे तांत्रिक नियम : ‘मोटो-२’ आणि महाराष्ट्रातील उत्पादक

प्रस्तावना

जागतिक मोटारसायकल अजिंक्यपद स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. तेव्हापासून २००९ पर्यंत २५० सीसीचा गट तिच्यात अखंडपणे होता. २०१० साली तो बंद करून त्याच्या जागी ‘मोटो-२’ हा मध्यम गट आणला गेला. वरती ‘मोटोजीपी’, खालती ‘मोटो-३’ आणि मध्ये हा गट, अशी आजची उतरंड आहे. आपले बरेचसे विद्यार्थी मोटारसायकलवरून महाविद्यालयात येतात आणि या स्पर्धेतील स्वारांची नावे त्यांना तोंडपाठ असतात. नियमांची चर्चा मात्र सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात या गटाच्या तांत्रिक नियमांचे स्वरूप स्पष्ट करून, महाराष्ट्रातील उत्पादकांच्या दृष्टीने त्यांचा काय अर्थ होतो याचा विचार केला आहे.

द्विघाती इंजिनाची अखेर

जुन्या गटातील इंजिने द्विघाती म्हणजे टू-स्ट्रोक होती. आकुर्डीहून निघालेली जुनी बजाज स्कूटर ज्यांनी वापरली आहे, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे आणि मागून निघणारा निळसर धूर आठवत असेल. या इंजिनात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ज्वलन होते, त्यामुळे लहान आकारात पुष्कळ शक्ती मिळते. परंतु न जळलेले इंधन व तेल धुरासोबत बाहेर पडते. चतुर्घाती इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा ज्वलन होते, पण ते अधिक स्वच्छ असते. प्रदूषणाचे निकष कडक झाल्यावर रस्त्यावरील द्विघाती वाहने मागे पडली. रस्त्यावर जे विकायचे नाही त्यावर शर्यतीसाठी खर्च का करावा, असा प्रश्न उत्पादकांपुढे उभा राहिला. दुसरीकडे, उत्तम प्रतीचे २५० सीसी यंत्र मोजक्या संघांनाच परवडत होते. जपानचा हिरोशी आओयामा हा २००९ साली या गटाचा अखेरचा विजेता ठरला.

नव्या नियमांचा गाभा

मोटो-२ चा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो : इंजिन सर्वांना एकच, सांगाडा ज्याचा त्याने करावा. २०१० ते २०१८ या काळात होंडाचे ६०० सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन सर्वांना दिले जाई. ते रस्त्यावरील सीबीआर ६०० आरआर या गाडीच्या इंजिनावर आधारलेले होते. इंजिने मोहोरबंद असत आणि कोणत्या संघाला कोणते मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे. टायरही एकाच कंपनीचे. आरंभी डनलॉप आणि २०२४ पासून पिरेली.

२०१९ साली ट्रायम्फचे ७६५ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन आले. शक्ती वाढलीच, शिवाय मॅग्नेटी मारेली या कंपनीची एकसमान इलेक्ट्रॉनिक नियंत्रणप्रणाली आली. तिच्यामुळे ‘इंजिन ब्रेकिंग’ संघांना आपापल्या गरजेप्रमाणे बसवून घेता येऊ लागले. ही संकल्पना आंबा घाट उतरणाऱ्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे ओढून धरते. शर्यतीत मात्र हीच ओढ प्रमाणाबाहेर गेली तर मागचे चाक अडखळते आणि वळणाच्या तोंडाशीच गाडी घसरते. म्हणून ‘स्लिपर क्लच’ आणि ही नियंत्रणप्रणाली मिळून ती ओढ बेताची ठेवतात. समान इंजिनातही संघासंघांत फरक पडतो तो अशा जागी.

वजनाचा नियम विशेष लक्षणीय आहे. आरंभी केवळ मोटारसायकलीचे किमान वजन ठरलेले होते. त्यामुळे हलक्या अंगाच्या स्वाराला आयता लाभ होई. २०१३ पासून स्वार आणि गाडी यांचे एकत्रित वजन किमान २१५ किलो असावे असे ठरले. पुढे ही मर्यादा २१७ किलो झाली. कुस्तीत मल्लाला वजनगट असतो. येथे मल्ल आणि त्याची गदा एकाच काट्यावर चढवतात, असे म्हणता येईल.

इंधनाच्या बाबतीत २०२४ पासून सर्व गटांत किमान ४० टक्के इंधन जीवाश्मेतर असावे आणि २०२७ पासून ते पूर्णपणे तसे असावे, असा निर्णय झाला आहे. वयाचा नियमही बदलला. २०२३ पासून किमान वय सर्वसाधारणपणे १८ करण्यात आले. येथे शोया तोमिझावा या जपानी स्वाराचे स्मरण होते. मोटो-२ ची पहिलीच शर्यत त्याने २०१० साली कतारमध्ये जिंकली आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला मिसानो येथील अपघातात तो मरण पावला. त्याचे वय १९ होते. किमान वयाच्या आजच्या नियमाने तो अडला नसता. यंत्रे समान झाली की स्वार एकमेकांना खेटून धावतात, ही बाब कोणत्याही नियमपत्रिकेने सोडवलेली नाही.

समानतेचा परिणाम

सांगाडा मोकळा ठेवण्यामागे विविधता यावी हा हेतू होता. प्रारंभी तसे झालेही. पहिला विजेता टोनी एलियास मोरिवाकीच्या गाडीवर, २०११ चा स्टेफान ब्राडल कालेक्सच्या आणि २०१२ चा मार्क मार्केझ सुटरच्या गाडीवर जिंकला. त्यानंतर २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षे विजेत्याची गाडी कालेक्सचीच होती. ही परंपरा २०२४ साली आय ओगुरा याने बोस्कोस्कुरोच्या गाडीवर मोडली. जिंकणारा सांगाडा कोणता हे कळल्यावर बहुतेक संघ तोच विकत घेतात. त्यामुळे नियमाने दिलेली मोकळीक व्यवहारात आपोआप आकसली.

महाराष्ट्राचा संबंध

मुंबईच्या महिंद्र समूहाने २०११ साली १२५ सीसी गटात आणि पुढील वर्षापासून मोटो-३ मध्ये गाडी उतरवली. मोटो-३ चे सूत्र मोटो-२ च्या उलट आहे. तेथे २५० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन प्रत्येक उत्पादक स्वतः बनवतो. म्हणूनच तेथे महिंद्रचे नाव इंजिनासह दिसू शकले. २०१३ साली मलेशियात मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. २०१६ साली आसेन येथे फ्रान्सेस्को बान्याया याने महिंद्रला पहिला विजय मिळवून दिला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. बान्याया मात्र मोटो-२ मध्ये गेला, २०१८ साली तेथे विजेता झाला आणि २०२२ व २०२३ साली मोटोजीपीचाही. स्वाराला वर जाण्याची शिडी होती. ज्या कारखान्याने त्याला पहिले यश दिले त्याला मधल्या पायरीवर स्वतःचे इंजिन घेऊन उभे राहण्याची सोयच नव्हती.

पुण्याच्या बजाज ऑटोची गोष्ट थोडी निराळी आहे. २००७ पासून या कंपनीचे केटीएममध्ये भागभांडवल आहे. केटीएमने २०१७ ते २०१९ या काळात मोटो-२ मध्ये स्वतःचा सांगाडा उतरवला, आणि पूर्वी महिंद्रकडे असलेला ऑलिव्हेराच २०१८ साली त्यावर उपविजेता ठरला. इंजिन बनवण्यात नावाजलेल्या या कंपनीला तेव्हा प्रतिस्पर्धी होंडाचे इंजिन आपल्या सांगाड्यात बसवावे लागले होते! आज त्याच गटाला इंजिन पुरवणाऱ्या ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या २०२३ पासून चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार होतात. आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर त्यांपैकी एखादी उभी दिसली, तर तिच्या टाकीवरचे नाव शर्यतीच्या गाडीवरचेच असते. ७६५ सीसीचे ते इंजिन मात्र चाकणचे नाही.