गाठ बांधली, पण पाहिली का?

प्रस्तरारोहणाच्या शिबिरात पाहुण्यांना दिसतो तो उभा कडा आणि त्यावरून सरसर उतरणारी पोरं. खरी शाळा भरते आदल्या संध्याकाळी, तंबूबाहेर, हातभर दोराच्या तुकड्यावर. बोलाइन ही गाठ शिकवताना सशाची गोष्ट सांगतात : ससा बिळातून वर येतो, झाडाला वळसा घालतो, पुन्हा बिळात शिरतो. गोष्ट एका दमात सगळ्यांना पाठ होते. अडतं ते बिळापाशी. पहिला फास उलटा पडला, की ससा बिनचूक घरी पोहोचतो आणि गाठ मात्र ओढताक्षणी सुटते!

थोरामोठ्यांनाही गाठींनी चकवलं आहे. क्लिफर्ड अ‍ॅशली हे या दुनियेतलं मोठं नाव. १९४४ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात ३,८०० हून अधिक नोंदी आहेत. १९१० च्या सुमारास ऑयस्टरच्या शिंपल्या काढणाऱ्या एका बोटीवर त्यांना दुरून एक जाडजूड, अनोळखी गाठ दिसली. तिचा पिच्छा पुरवत, दोर नाना तऱ्हांनी वळवून त्यांनी तशीच एक गाठ जमवली. पुढे मूळ गाठ जवळून पाहायला मिळाली, तर ती निघाली नेहमीचीच इंग्रजी आठच्या आकाराची गाठ, पाण्याने फुगलेली! अ‍ॅशलींनी जमवलेली मात्र अस्सल नवी होती. दोराचं टोक भोकातून निसटू नये म्हणून ती आजही बांधतात.

मानापमान इथेही आहेत. १९७८ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली : एडवर्ड हंटर या निवृत्त डॉक्टरांनी दोन दोर जोडणारी नवी गाठ शोधली. बातमीमुळे विखुरलेले गाठवेडे एकत्र आले आणि १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. मधल्या काळात उलगडलं, की हीच गाठ फिल स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १९५० च्या दशकातच गिर्यारोहकांसाठी छापून ठेवली होती. पहिलेपणाचा मान गेला. संघटना आजही चालू आहे.

पुढचा किस्सा सांगताना शिबिरातला प्रत्येक शिक्षक आवाज खाली आणतो. १९८९, फ्रान्समधलं ब्यू. लिन हिल ही जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. सरावाची सोपी चढाई. तिने हार्नेसमधून दोर ओवला, मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं आणि गाठ अर्धीच राहिली. वर पोहोचून ती दोरावर भार टाकून मागे रेलली आणि सुमारे २५ मीटर खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांनी तिला वाचवलं. जी गाठ ती झोपेतही बांधू शकली असती, तीच राहून गेली. चारच वर्षांनी, १९९३ मध्ये, योसेमिटीतल्या एल कॅपिटानची ‘नोज’ ही वाट संपूर्णपणे मुक्त आरोहणाने पार करणारी ती पहिली ठरली. कड्याखाली जोडीदार एकमेकांची गाठ हाताने चाचपून पाहतात, ते गाठ अशी अर्धी राहू नये याचसाठी.

आता तुमच्या पायाशी या. बुटाची नाडी बांधतो त्या रीफ नॉटचा नियम सोपा : उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर जी कच्ची गाठ पडते, तीच अनेकांच्या बुटांवर जन्मभर असते. ओळखायची कशी? नाडीचं फूल बुटावर आडवं बसलं तर गाठ पक्की. घोट्याकडून बोटांकडे उभं वळलं तर कच्ची. बर्कलीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये कारणही दाखवलं : पाऊल जमिनीवर आपटतं तशी गाठ सैल होते आणि हेलकावणारी टोकं तिला ओढून सोडवतात. गंमत म्हणजे पक्की गाठही अखेर सुटू शकते, पण कच्ची फार लवकर सुटते.

म्हणून वीस गाठींच्या मागे लागू नका. बोलाइन, रीफ, आठची गाठ आणि खांबाला बांधायची क्लोव्ह हिच, एवढ्या चार शिका. दोराचा तुकडा हाताशी ठेवा, टीव्ही बघताना बांधा, सोडा, पुन्हा बांधा. आणि रीफ नॉटवर माणसाचा जीव कधीही टांगू नका. ती पट्टी बांधायला आणि गाठोडं आवळायला आहे. गाठ बांधली, की ओढून बसवा आणि एकदा डोळे भरून बघा. गाठ बांधण्याचं काम तिथेच पूर्ण होतं.