नाण्यावरचा दुसरा ठसा

सतराव्या शतकात जर्मन प्रदेश शेकडो लहानमोठ्या संस्थानांत विभागलेला होता आणि त्यांपैकी अनेकांच्या स्वतःच्या टांकसाळी होत्या. १६६७ साली सॅक्सनी व ब्रांडेनबुर्ग यांनी झिना येथे करार करून चांदीचे प्रमाण ठरवले. एका मार्क, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम, शुद्ध चांदीतून साडेदहा थालर पाडायचे. त्यानुसार दोन-तृतीयांश थालरच्या नाण्यात, म्हणजे गुल्डनमध्ये, सुमारे १४.८ ग्रॅम चांदी येई. परंतु सायन-विट्गेनश्टाइनच्या काउंट गुस्टाफसारखे संस्थानिक हीन कसाचे गुल्डन पाडून नफा कमावू लागले. १६९० मध्ये लाइपझिगच्या नव्या प्रमाणाने चांदी १३ ग्रॅमवर आणली, तरी बाजारात जुनी हीन नाणी फिरतच होती.

दिसायला सारी सारखीच. शेतकऱ्याने वा कारागिराने कस ओळखावा कसा? खोटे नाणे पदरी पडले की श्रमाचे मोलच घटे.

तेव्हा फ्रँकोनियन मंडळाने, म्हणजे साम्राज्यांतर्गत संस्थानांच्या प्रादेशिक संघाने, १६९० च्या दशकात इतर टांकसाळींच्या स्वीकारार्ह गुल्डनांवर आपला छोटा ठसा उमटवला. ही रीत जुनीच होती. पंधराव्या शतकात आउग्सबुर्ग, उल्म ही नगरे प्रागच्या ग्रोशनवर असेच ठसे मारीत.

आपल्याकडील जुन्या रुपयांवरही सराफांच्या खुणा आढळतात. त्या खासगी पेढ्यांच्या, हा सार्वजनिक सत्तेचा. मात्र दोहोंचा अर्थ एकच: नाणे पाडणाऱ्याच्या नावापेक्षा ते पारखणाऱ्याचा शब्द बाजाराला अधिक मोलाचा वाटला.