मेंदीचा रंग, लोकर आणि ग्रामीण उद्योगाचे अर्थकारण

मेंदी भिजवताना घरोघरी लिंबाचा रस पिळला जातो, भिजवलेली पूड काही तास झाकून ठेवली जाते आणि केसांसाठी असेल तर ती लोखंडी कढईत कालवली जाते. या तिन्ही प्रथांमागे रसायनशास्त्र आहे. तेच लोकरीच्या रंगाईलाही लागू पडते, कारण त्वचेचा बाह्य थर, केस आणि लोकर ही तिन्ही केराटिन या प्रथिनाची बनलेली असतात. एकाच मेंदीपासून लोकरीवर पिवळसर, नारिंगी, तांबूस तपकिरी आणि काळपट अशा छटा मिळू शकतात. कोणती छटा मिळेल हे बव्हंशी रंगाईच्या भांड्यातील परिस्थितीवर अवलंबून असते. नैसर्गिक रंगांवर आधारित लघुउद्योगाचे बळ आणि त्याची अडचण ही दोन्ही या एका वस्तुस्थितीत सामावलेली आहेत.

नैसर्गिक रंगांकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले त्याला व्यापारी कारण होते. कर्करोगकारक अमाइने निर्माण करणाऱ्या अझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये निर्बंध घातले. भारतानेही १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने अशा एकूण ११२ रंगांवर बंदी आणली. निर्यातदारांना पर्याय शोधणे भाग पडले.

रंग कसा चढतो?

मेंदीच्या (लॉसोनिया इनर्मिस) पानातील मुख्य रंगद्रव्य लॉसोन होय. वाळलेल्या पानात त्याचे प्रमाण साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असते. ताज्या पानात ते मुक्त नसते, शर्करेशी बांधलेल्या पूर्वरूपात असते. पाने वाटून, किंचित आम्लयुक्त पाण्यात भिजवून ठेवली की ते मोकळे होते. पूड काही तास झाकून ठेवण्याचे प्रयोजन हेच.

यानंतर निर्णायक ठरतो तो सामू, म्हणजेच पीएच. सुमारे ५ या सामूच्या खाली लोकरीवर धनभार निर्माण होतो. लॉसोन हे दुर्बल आम्ल असून सामू ४ च्या वर त्याचा बहुतांश भाग ऋणभारित असतो. दोघांचे आकर्षण होऊन रंग तंतूत शिरतो आणि प्रथिनातील अमिनो गटांशी जोडला जातो. म्हणून सामू ४ च्या आसपास राखल्यास छटा सर्वांत गडद येते. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस एवढ्यासाठी पुरेसा असतो. सोडा घालून द्रावण अल्कलीयुक्त केले तर मात्र नवखा रंगारी हमखास फसतो: भांड्यातील पाणी गडद तांबडे दिसते, पण लोकर फिकीच बाहेर पडते. तेथे तंतू आणि रंग दोन्ही ऋणभारित असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात. शिवाय गरम अल्कली लोकरीचे प्रथिनच विरघळवते.

तापमानाचा परिणाम याहून सरळ आहे. लोकरीच्या तंतूवर खवल्यांचे आवरण असते व थंड पाण्यात रंग ते सहज ओलांडत नाही. ८० ते ९० अंश सेल्सिअसला सुमारे तासभर ठेवल्यास रंग आतपर्यंत पोहोचतो. दीर्घकाळ उकळल्यास पानातील टॅनिनेही अधिक उतरतात आणि नारिंगीचे तेज जाऊन मातकट तपकिरी छटा येते. तापमान हळूहळू वाढवावे लागते. एकदम वाढवून ढवळले तर लोकर आटते आणि तिचा नमदा होतो.

तिसरा घटक रंगबंधकाचा. तुरटीमुळे छटा उजळ आणि पिवळ्या-नारिंगीकडे झुकते, मोरचुदामुळे तपकिरी होते, तर हिराकशीतील लोह पानातील टॅनिनांशी व लॉसोनशी संयोग पावून गडद तपकिरी ते काळपट रंग देते. लोखंडी कढईचे रहस्य येथे उलगडते. लोहाचा अतिरेक मात्र लोकर खरखरीत आणि कमकुवत करतो. मेंदी रंगबंधकाशिवायही लोकरीवर बऱ्यापैकी टिकते हे येथे उल्लेखनीय आहे. क्रोमियमसारखी विषारी संयुगे वापरून रंगवलेली लोकर केवळ मेंदीमुळे पर्यावरणस्नेही ठरत नाही, ही बाब जाहिरातींत सोयीस्करपणे वगळली जाते.

पाण्याचा प्रश्न

बंगळूरुच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहू लागलेली इलेक्ट्रॉनिक सिटी संगणक उद्योगासाठी ओळखली जाते. परंतु याच शहरात १८८४ मध्ये लोकर, सूत व रेशीम यांची गिरणी सुरू झाली होती आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जाणाऱ्या वाटेवरच केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालय आहे. रेशीमही प्रथिनतंतूच असल्याने रंगाईचे बरेचसे नियम समान आहेत. समजा, येथील एखाद्या बचत गटाने मेंदीची रंगाई सुरू केली. एका आठवड्यात त्यांना कावेरीचे तुलनेने मृदू पाणी मिळाले आणि पुढच्या आठवड्यात टँकरने बोअरवेलचे. खडकातून आलेल्या कठीण पाण्यातील बायकार्बोनेटे आम्ल खाऊन टाकतात व सामू वर सरकतो. त्यात लोह असेल तर छटा काळवंडते. कृती, पाने, लोकर सारे तेच असूनही दुसऱ्या आठवड्याचा माल वेगळा दिसेल. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरुने जी पाणीटंचाई अनुभवली, ती पाहता हे उदाहरण केवळ कल्पनेतले राहत नाही.

पन्नास शालींची मागणी नोंदवणाऱ्या ग्राहकाला पन्नासही एका छटेच्या हव्या असतात. छटा जुळली नाही की माल परत येतो आणि तोटा उत्पादकाच्या माथी बसतो. येथे माहितीच्या विषमतेचा प्रश्नही उद्भवतो. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नसेल तर निकृष्ट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. हलक्या मेंदीत सोडियम पिक्रामेट हा कृत्रिम रंग मिसळून ती गडद भासवली जाते, हे त्याचेच उदाहरण. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन या दृष्टीने उपयुक्त आहे. तरीही मानांकन पानाच्या उगमाची हमी देते, रंगवलेल्या लोकरीच्या छटेची देत नाही.

दख्खनी लोकर

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि बहुतेक काळी असते. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीसारख्या गावांत सणगर विणकर तिचे घोंगडे विणतात व त्याला चिंचोक्याची खळ देतात. काळ्या लोकरीवर मेंदी दिसणारच नाही. म्हणजे रंगाईतून मूल्यवर्धन करायचे तर कातरणीच्या वेळीच पांढरी व करडी लोकर वेगळी काढावी लागेल. आज अनेक मेंढपाळांना लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही; तेव्हा वेगळ्या लोकरीला वेगळा भाव मिळाल्याखेरीज हे श्रम कोणी का घ्यावेत?

पट्टणकोडोलीपासून काही किलोमीटरवर इचलकरंजी आहे. शहरांच्या सांडपाण्याबरोबरच तेथील वस्त्रप्रक्रिया उद्योगाचे रंगीत पाणीही पंचगंगेच्या प्रदूषणाचे एक कारण ठरले आहे. बाह्य परिणामाचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय: खर्च उद्योगाच्या वहीत येत नाही, तो नदीकाठच्या गावांना सोसावा लागतो. मेंदी हा त्यावरचा सरळ उपाय आहे, असे समजणे मात्र घाईचे होईल.

साधे गणित करून पाहू. एक किलो लोकरीला तिच्या तीसपट, म्हणजे ३० लिटर पाणी लागते. रंगबंधक, रंग आणि दोन धुलाया मिळून १२० लिटर. यांपैकी दोन वेळा ३० लिटर पाणी २५ अंशांवरून ८५ अंशांवर न्यायचे तर सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात साधारण तेवढीच ऊर्जा असते, पण साध्या चुलीत तिचा जेमतेम १५ टक्के भाग कामी येतो. हिशेब सहा ते सात किलो सरपणावर जातो, तोही तापमान तासभर टिकवण्याचा खर्च धरला नाही तर. सौर उष्णजल यंत्राने पाणी ६० अंशांपर्यंत तापवून घेतले तर तापवण्याच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वाचतो. रंगबंधकाविना केवळ आम्लात रंगाई केली तर एक गरम भांडे कमी होते आणि सांडपाण्यात धातूही जात नाहीत. छटांची विविधता तेवढी कमी होते. माझ्या मते लहान गटांनी ही तडजोड स्वीकारावी आणि एकच नारिंगी-तपकिरी छटा नेमकेपणाने पुन्हा पुन्हा देण्यावर भर द्यावा.

देशातील लोकर उत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे ३ कोटी ३६ लाख किलो होते. २०१४-१५ मध्ये ते ४ कोटी ८१ लाख किलो होते. केंद्र सरकारने २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी एकात्मिक लोकर विकास कार्यक्रमाला १२६ कोटी रुपयांची तरतूद केली. जोधपूर येथील केंद्रीय लोकर विकास मंडळाकडे त्याची अंमलबजावणी होती. अशा कार्यक्रमांत यंत्रसामग्रीची चर्चा अधिक होते. बचत गटाची गरज त्यामानाने स्वस्त आहे: सामू पाहण्याच्या कागदपट्ट्या, एक तापमापक, तराजू आणि प्रत्येक घाण्याची नोंदवही. पाणी कोठले, पाने कोणत्या पोत्यातली, सामू किती, किती अंशांवर किती वेळ ठेवले हे त्या वहीत लिहून शेजारी रंगवलेल्या धाग्याचा तुकडा चिकटवला, की पुढच्या मागणीच्या वेळी ग्राहकापुढे ठेवायला नमुना तयार असतो.