विश्लेषण : फॉस्फेटच्या जागी आर्सेनिक कसे घुसते? ‘समाकृतिकत्व’ म्हणजे काय?

दहावीच्या भूमितीतले ‘समरूप त्रिकोण’ आठवतात? कोन सारखे, बाजू प्रमाणात. रसायनशास्त्रातही सारख्या रूपासाठी एक संज्ञा आहे, ‘आयसोमॉर्फिझम’. मराठीत समाकृतिकत्व. शब्द जड आहे, अर्थ नाही. दोन पदार्थांत एखादे मूलद्रव्य वेगळे, पण रासायनिक सूत्राचा साचा तोच आणि स्फटिकांचा आकारही जवळपास तोच, तर ते पदार्थ समाकृतिक.

दाढीनंतर फिरवायची तुरटी घ्या. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जागी क्रोमियम आले की गडद जांभळी क्रोम तुरटी होते. तिचा खडा साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात टांगून ठेवला, तर काही दिवसांत जांभळ्या खड्यावर पारदर्शक तुरटीचा थर चढतो आणि खड्याचा आकार बदलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत करून पाहावा असा हा प्रयोग आहे.

मात्र नुसता आकार जुळून भागत नाही. मीठ आणि शिशाचे खनिज गॅलेना, दोन्हींचे स्फटिक घनाकृती. पण ते एकमेकांत मिसळत नाहीत. जागा घेणाऱ्या अणूचे आकारमान आणि विद्युतभारही जुळावा लागतो.

हे लक्षात कसे आले?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइलहार्ट मिट्शरलिख यांना १८१९ मध्ये फॉस्फेट आणि आर्सेनेट क्षारांचे स्फटिक सारखेच दिसले. प्रत्येक पदार्थाचा स्फटिक वेगळा, हा तेव्हाचा समज त्यामुळे डळमळला. पुढे स्वीडनच्या बर्झेलियस यांनी अणुभार ठरवताना याचा आधार घेतला.

आरोग्याशी संबंध काय?

मिट्शरलिख यांची ही जोडीच माणसाला घातक ठरते. संज्ञा स्फटिकांची असली, तरी फॉस्फेट आणि आर्सेनेट यांचे साम्य पेशीलाही फसवते. फॉस्फेट आत घेणाऱ्या वाटेनेच आर्सेनेट पेशीत शिरते आणि ऊर्जा साठवणाऱ्या रेणूत फॉस्फेटची जागा घेते. तो बंध टिकत नाही, लगेच तुटतो. ऊर्जा वाया जाते.

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यातून आर्सेनिक लाखो लोकांच्या पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. या पाण्याला वेगळा रंग, वास, चव नसते, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटते, आर्सेनिक मागे राहते.