दंव सुकेपर्यंत

गेल्या कार्तिकात निपाणीजवळच्या एका खेड्यात, ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे मुक्काम करण्याचा योग आला. भल्या पहाटे तंबाखूचे शेत पाहण्यास निघालो, तो यजमानांनी बांधावरच थांबविले. “फादर, दंव सुकल्याबिगर पानाला हात लावू नगासा.” या पिकाच्या शेजारून आम्ही शेकडो वेळा गेलो असू, परंतु ही सूचना प्रथमच ऐकली.

कारण असे की, ओल्या पानावरील पाण्यात निकोटिन उतरते व ते कातडीतून अंगात शिरते. मग मळमळ, ओकारी, घेरी. तंबाखूची सवय नसलेल्यास हा त्रास अधिकच होतो. यजमानांच्या वृद्ध मातोश्रींनी तंबाखूचा कणही कधी तोंडात घातलेला नाही. तरी तरुणपणी त्या अनेकदा सरीतच घेरी येऊन बसल्या होत्या. त्या काळी लोक त्यास पित्त म्हणत.

ऊन चढेपर्यंत बांधावर बसून लागवडीची हकिकत ऐकली. बी इतके बारीक की, एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे भरतात. ते वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फोकायचे आणि झारीने हलके पाणी द्यायचे. जूनमधील तरवा सहासात आठवड्यांत लावणीस येतो. पुढे कोळपण्या होतात. मुळांवर जगणारे एक फिकट, बिनहिरवे तण उगवते. ते बी धरण्यापूर्वी उपटले नाही, तर त्याचे बी वर्षानुवर्षे जमिनीत टिकून राहते.

खरे कष्ट पुढेच आहेत. फुलाच्या वेळी शेंडा खुडतात. बियाण्याची झाडे तेवढी राखतात. शेंडा गेला की पाने जाड होतात, मुळे अधिक निकोटिन वर धाडतात, आणि विडीला हवा तो कडकपणा येतो. पण झाड हट्टी. पानापानाच्या बगलेतून फुटवे फुटतात, व ते पुनःपुन्हा, झाडागणिक, हातांनीच काढावे लागतात. आम्ही दोन सऱ्या काढून पाहिल्या. बोटे चिकट काळी झाली आणि साबण लावूनही दुपारची भाकरी कडू लागली. यजमानीणबाई मात्र हसत होत्या.

पान सुरकुतून त्यावर ठिपके उमटले की झाड बुडातून कापून रानातच वाळवितात. वाळलेले पान भर उन्हात उचलले तर त्याचा चुरा होतो. म्हणून ते पहाटे, दंवाने मऊ झाल्यावर गोळा करतात. हिरव्या पानावर ज्या दंवाची भीती, त्याचीच वाळल्या पानासाठी वाट पाहावयाची!

एवढे करून भाव शेतकऱ्याच्या हाती नाही. १९८१ साली भावासाठीच शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला होता. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले. यजमानांचे वडील त्या रस्त्यावर बसले होते. त्याविषयी विचारताच म्हातारबा उठून बैलांना वैरण घालावयास गेले.

सुनेला यंदा दिवस गेले आहेत. म्हणून सासूबाईंनी तिला शेतात येण्याची बंदी केली आहे. तिच्या जागी मजूर लावावा लागला, आणि त्या मजुरीवरून घरात कुरबुरही झाली. आम्ही सासूबाईंचीच बाजू घेतली. निघताना आजी ओसरीवर जुन्या सदऱ्यांच्या बाह्या कापून मजूरबायांसाठी हातमोजे शिवीत होत्या.