फुलपाखरू छाप

अकोल्यातल्या एका संग्राहकाच्या वहीतलं हे तिकीट पोस्टकार्डापेक्षा जरा लहान आहे. मँचेस्टरच्या कापडाच्या थानावर, घडीच्या वरच्या पदराला डकवून असली तिकिटं येत. भिंग लावलं की फुलपाखरू नाहीसं होतं आणि उरतात नुसते ठिपके, पिवळे, तांबडे, निळे. शिळाछपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. इथे तांबडा रंग केसभर सरकलाय, म्हणून उजव्या पंखाला दुहेरी कड आली आहे. असा नग जाणकार बाजूला टाकतात. मला तोच आवडला.

पंखांची ठेवण पाहा. पुढच्या पंखांची खालची कड अंगाशी थेट काटकोनात. जिवंत फुलपाखरू पंख इतके पुढे ओढून बसत नाही. टाचणी टोचून, फळीवर ताणून वाळवलेलं मात्र असंच दिसतं. म्हणजे चित्रकारापुढे बाग नव्हती, नमुन्यांची पेटी होती.

ग्रीकांना फुलपाखरात आत्मा दिसला, चिन्यांना दीर्घायुष्य. अमरावतीच्या कापडबाजारात त्याचं काम साधं होतं: अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाने 'फुलपाखरू छाप द्या' म्हणावं आणि मागच्या वेळचाच माल हातात पडावा. थानावर लांबीचे वार छापण्याची सक्ती १८८९च्या कायद्याने केली खरी, पण आकडे वाचता येणारे थोडेच. भरवसा चित्रावर.

अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरभोवतीच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली. १८७०मध्ये खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. रुईच्या गाठी रुळांवरून मुंबईकडे जात आणि तिकिटं लावलेली थानं तिकडून येत.

कापूस पिकवणाऱ्याने मात्र पंखांना कधी शुभ मानलं असेल असं वाटत नाही. गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन सॉन्डर्सने १८४३मध्ये केलं, तेही भडोचच्या कापसात सापडलेल्या किडीवरून. तिचा पतंग करडा, बोटाच्या पेराहून लहान. तिकिटावर त्याला कोण घेणार? अकोल्याच्या शिवारात आज तो कामगंध सापळ्यात मोजला जातो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग निघाले की फवारणीचा पंप पाठीवर चढतो.